दाराचा नियम

"हे काय आहे?" स्ट्रँडसाहेबांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला. "'एकासाठी दार उघडतं, दुसरा आत राहिला तरच.' हा पळून जायचा बेत नाही, तर काय आहे?"

"जादूचा नियम आहे, साहेब," वेंडेल क्रोल म्हणाला. "खेळातला."

खोलीला खिडकी नव्हती. स्ट्रँडसाहेब तुरुंगाचे सुरक्षा अधिकारी. सकाळच्या झडतीत वेंडेलच्या गादीखालून हे सगळं निघालं होतं. हाताने काढलेले नकाशे, राक्षसांची चित्रं, मंत्रांची पानंच्या पानं. तुरुंगात फासे ठेवायला बंदी, म्हणून कॉफीच्या मगात घालून काढायच्या आकड्यांच्या चिठ्ठ्या. रविवारी दुपारी जेवणघराच्या कोपऱ्यात पाच-सहा कैदी वेंडेलभोवती जमत. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. तो गोष्ट सांगे, 'समोर दलदल आहे, आता काय करता?' आणि एरवी एकमेकांच्या जिवावर उठलेली माणसं गुपचूप आपापल्या पाळीची वाट बघत.

साहेबांना हे पटलं नाही, तर कागद भट्टीत जाणार होते आणि वेंडेल एकांतकोठडीत. वसंतात मुदतीआधी सुटका देणाऱ्या मंडळापुढे त्याचं प्रकरण यायचं होतं. तेही मग बोंबललं असतं.

"पहिल्यापासून सांग," साहेब म्हणाले. "मला काही कळत नाही असं धर."

"जादू फुकट मिळत नाही, साहेब. दिवा लावायचा तर अंगातली ऊब द्यायची. दुसऱ्याची जखम भरायची तर रक्त आपलं जातं. नाहीतर खेळात राम काय राहिला? मागे टायरोनने अख्खी नदी गोठवली. पुढच्या रविवारी गडी पांघरूण घेऊनच आला, थंडी वाजतेय म्हणून."

साहेबांच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. "मेलेल्याला उठवता येतं?"

"नाही. पोरं माझ्याशी भांडतात त्यावरून. पण नाही."

"आणि हे दार?"

एवढा वेळ भराभर बोलणारा माणूस आता शब्द निवडून बोलू लागला.

"ती सगळ्यात महाग जादू. तळघरात कुणी अडकला, तर त्याला बाहेर काढता येतं. पण त्याच्या जागी दुसऱ्याने आपण होऊन बसायचं. आणि बसल्यावर बाहेर गेलेल्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. काढलं, की तो ओढला गेला आत."

"असा वेडा कोण मिळणार?"

"खेळात अजून मिळाला नाही, साहेब."

स्ट्रँडसाहेबांनी शेजारची जाडजूड फाइल उघडली. "तुझं सगळं वाचलंय मी. लाकडाची गिरणी पेटवलीस, रखवालदार आत जळून मेला, गुन्हा कबूल केलास. तरी मंडळाने तुला दर वेळी परत पाठवलं. का? तर आत कुठून शिरलास विचारलं, की एकदा मागचं दार सांगतोस, एकदा खिडकी. खोटारडा म्हणतात तुला. पश्चात्ताप नाही म्हणतात."

"आठवत नाही, साहेब."

"नदी कशी गोठवायची ते पाठ आहे, आणि हे आठवत नाही?"

वेंडेलने मान खाली घातली. हा प्रश्न आला की चारी भिंती जवळ सरकल्यासारख्या वाटत. गिरणीची मागची बाजू त्याने मनाशी कितीदा मांडून पाहिली होती. ओंडके इथे, करवत तिथे. पण दार कुठल्या अंगाला उघडतं, ते काही केल्या जुळत नसे.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. तुरुंगाच्या धर्मोपदेशक लिंडक्विस्टबाई आत आल्या. साहेबांकडे न बघता त्या सरळ वेंडेलसमोर येऊन वाकल्या.

"वेंडेल, तुझ्या भावजयीचा फोन होता. लाइल गेला रे. सकाळी घरापुढचा बर्फ उपसताना कोसळला. दवाखान्यात पोचेपर्यंत काही उरलं नव्हतं."

वेंडेल त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. लाइल त्याचा धाकटा भाऊ. सुरुवातीला तो भेटीला येई. काचेपलीकडे बसून नुसता रडे, फोन कानाला लावून एक शब्द बोलत नसे. मग वेंडेलनेच त्याला सांगितलं होतं, येऊ नकोस, लग्न कर, नीट राहा.

"पोरी?" त्याने विचारलं.

"आईजवळ आहेत दोघी. धाकटी तर कळत्या वयाचीही नाही." बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मी बाहेर थांबते. तुझं झालं की ये."

त्या गेल्यावर स्ट्रँडसाहेबांनी नकाशे, मंत्र, राक्षस सगळं एकत्र केलं आणि वेंडेलपुढे ठेवलं.

"घेऊन जा. रविवारी खेळा खुशाल."

वेंडेलने हात पुढे केला. साहेबांनी मात्र गठ्ठ्यावरचा आपला हात काढला नाही. उघड्या फाइलकडे बघत त्यांनी हळू आवाजात विचारलं, "क्रोल, बाहेर गेलेला मेला, तर?"

"हे कुणी विचारलं नव्हतं मला," वेंडेल म्हणाला.

त्याने पुढे केलेला हात मागे घेतला. मग जेवणघरात गोष्टीला सुरुवात करताना बोले त्याच संथ आवाजात तो म्हणाला,

"त्या रात्री लाइल घरी आला तेव्हा त्याच्या कपड्यांना धुराचा वास येत होता, साहेब. मी आमच्या आईला सूप भरवत होतो."