रामाचा मुक्काम

जामसंड्याला तंबूतल्या सिनेमात राम आला आणि गावाने मासळी सोडली. मासे खाऊन रामापुढे बसायचं कसं? आठ दिवस यमुनाबाई बाजारातून माशांची पाटी भरलेलीच घरी नेत होती. "जळांदे तो तंबू!" ती रोज म्हणायची.

नवव्या दिवशी एक परका माणूस पिशवी घेऊन समोर उभा राहिला. "मावशी, बांगडे द्या."

यमुनाबाईने हरखून त्याची पिशवी भरली. "तू सिनेमाक जाणस नाय रे?"

"मीच तर दाखवतो. मशीन माझ्याच हातात असतं."

तिने पिशवी हिसकावली आणि बांगडे परत पाटीत ओतले.

"तुका देवचंय नाय. सांजेक राम तुझ्याच हातान येतलो मा?"