कबऱ्या रेड्याचा कासरा

"रोज वाफाळती आणायची आणि रोज गार झालेली उचलायची. साखर चढी, कॉफी काळी, सगळं तुमच्या मनासारखं. तरी एक घोट म्हणून नाही." बान्नेने नवऱ्याच्या उशाचा सकाळचा कप उचलला, ताजा ठेवला आणि चादरीची सुरकुती हाताने सपाट केली. "बाहेर जमलेत सगळे माझ्या स्वप्नाची चिरफाड करायला. ऐकून येते."

तिच्या नवऱ्याचा, साम्पेचा, श्वास थांबल्याला भाताची दोन पिकं झाली होती. पण अंत्यविधीचा पहिला रेडा बळी पडेपर्यंत घरात ठेवलेला माणूस आजारीच असतो, आणि आजाऱ्याला कॉफी विचारायची असते, पान वाढायचं असतं, कुठे निघालं तर सांगून जायचं असतं. त्या डोंगरात याचं कुणाला नवल नव्हतं. नवल बान्नेचं वाटायला लागलं होतं. रेडे ठरत, पास्टर ठरत, मुलगा दुमा रात्रीच्या गाडीने मकास्सरहून येई, आणि नेमकं बान्नेला काहीतरी स्वप्न पडे. कधी डुकरीण उलटी चालत गेली, कधी कोंबडा पाण्याखाली आरवला. असल्या अपशकुनावर कोण दिवस धरणार? ती स्वप्नं सांगताना बान्नेला स्वतःलाच अधूनमधून हसू येई.

या खेपेचं मात्र तिने रचलेलं नव्हतं.

भाताच्या कोठाराखाली बांबूच्या माचावर तिघं बसली होती. दुमा, नणंद तांगके आणि स्वप्नांचे अर्थ लावणारे तोडिंगमामा. बान्नेने उभ्याउभ्याच सांगून टाकलं. कबरा रेडा होता, घरात, आजाऱ्याच्या खोलीत. शिंगं दाराच्या चौकटीत अडकलेली, पुढे जाईना, मागे फिरेना. पाय फळ्यांत रुतलेले. इतका वाळलेला की कातडीखालून हाडं वर आलेली. तिने भात पुढे केला, कॉफी पुढे केली. तोंड लावलं नाही, हंबरलाही नाही. तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या श्वासाला साम्पेच्या लवंगेच्या सिगारेटचा वास होता, तेवढं तिने सांगितलं नाही.

"वहिनी, तुझ्या स्वप्नात माणसं येतात का गं कधी? का सगळा गोठाच बांधलायस?" तांगके म्हणाली. पण तिचाही चेहरा उतरला होता. तिच्या मते भाऊ उपाशी होता आणि उशीर आपण केला होता. दुमाला वेगळीच काळजी. त्याने ठरवलेले सगळे रेडे काळे होते, आणि बाबांना कबरा हवा असेल तर सगळं पुन्हा पहिल्यापासून जुळवावं लागणार. दोघांची जुंपली. मामा विडा चघळत होते. दोघं दमल्यावर त्यांनी पिंक टाकली आणि एवढंच विचारलं, "कासरा कुणाच्या हातात होता?"

बान्नेने उजवं मनगट कमरेला नेसलेल्या सारोंगच्या घडीत सारलं.

"कासराच नव्हता," ती म्हणाली.

मग घाई नाही, असं मामांनी सांगितलं. कासरा नाही म्हणजे जनावर अजून वाटेला लागलेलं नाही. पुढचं पीक निघू दे, मग बघू. तांगकेने कपाळावर हात मारून घेतला. बान्नेच्या छातीत मात्र उजाडल्यासारखं झालं. आणखी एक पीक. सकाळ-संध्याकाळ कॉफी. रोजची कुरकुर.

दुमा वाद घालेल असं तिला वाटलं होतं. तो फक्त "बरं" म्हणाला आणि बाबांचा निरोप घ्यायला आत गेला. भिंत बांबूची, सगळं ऐकू येतं. त्याने बाबांना सांगितलं की निघतो, रस्त्याचं काम चालू आहे म्हणून लवकर निघतो. धाकटी नात आता उभी राहते, तुमच्यासारखी कमरेवर हात ठेवून. एवढं बोलून तो थांबला. मग एक आवंढा गिळल्याचा आवाज आला, त्यामागून आणखी एक. आजाऱ्याच्या उशाशी रडायचं नसतं. हे त्याला लहानपणी बान्नेनेच शिकवलं होतं.

तो बाहेर आला तेव्हा डोळे कोरडे होते आणि बॅग खांद्याला होती. बाप गेल्यापासून हा पोरगा एकदाही रडलेला नाही, हे बान्नेला तेव्हा दिसलं.

ती आत गेली आणि साम्पेचा कप घेऊन आली. माचावर टेकली. सगळ्यांच्या देखत तिने कप तोंडाला लावला. आजाऱ्याची कॉफी कुणी पीत नाही. तांगकेचा हात हवेतच राहिला.

"कासरा होता, मामा," बान्ने म्हणाली. "मनगटाला वेढे देऊन मीच धरला होता. त्याने हिसका दिला असता तर सुटलाही असता. दिला नाही. उभा राहिला आपला, मला वाईट वाटू नये म्हणून."

"आई, राहू दे आता," दुमा म्हणाला.

"बॅग खाली ठेव. ये, बस इथे." तिने उरलेली कॉफी पिऊन टाकली. तळाशी साखर तशीच होती, ती बोटाने पुसून घेतली. मग कप माचावर उपडा ठेवला.

"तुझे बाबा आजारी नाहीत, दुमा. मेलेत ते."