आधी शाबासकी, मग कात्री

गोष्टी लिहिणाऱ्या मुलांच्या वर्गात बाईंचा एकच नियम होता: आधी शाबासकी, मग कात्री.

त्या दिवशी एका चष्मेवाल्या मुलीने आपली गोष्ट वाचली: रिकामा वर्ग, आणि खुर्चीत एकटीच बसलेली म्हातारी. मुलं श्वास रोखून ऐकत होती. बाईंची गोष्ट कुणी कधी अशी ऐकली नव्हती.

"छान गं," खुर्चीतल्या बाई म्हणाल्या. "पण घड्याळाची टिकटिक काढून टाक. उगाच पाल्हाळ."

मुलीने ती ओळ खोडली. भिंतीवरच्या घड्याळाचे काटे फिरत राहिले, पण टिकटिक थांबली.

बाईंनी वर्गाकडे पाहिलं. सगळ्यांचे डोळे अजून चष्मेवालीवरच होते. "ऊन बरं जमलंय. पण तेही काढ."

बाहेर लख्ख दुपार होती. फरशीवरचा उन्हाचा पट्टा मात्र नाहीसा झाला.

"बाई, खुर्चीतल्या म्हातारीला हात लावू नका हं!" मागून कुणीतरी ओरडलं. "तुमच्या सगळ्या गोष्टींपेक्षा ती भारी आहे!"

वर्ग खो खो हसला. बाईंनी मात्र फरशीकडे, मग आपल्या खुर्चीकडे पाहिलं आणि त्यांना घाम फुटला.

"म्हातारीचं काय करू, बाई?" चष्मेवालीने आदबीने विचारलं.

"फार सुंदर आहे गं ती," बाई घाईने म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच अगदी मनापासून.

शाबासकीनंतर काय येतं, ते मुलीला पाठ होतं. तिने मान डोलावली आणि खोडरबर उचललं.