डिकीवरचा काळा रंग

काशिनाथने सुईच्या टोकाने ओल्या रंगात चिकटलेलं चिलट उचललं आणि बारीक ब्रशने ती जागा सारखी केली. आचऱ्यात होड्या रंगवणारे चिक्कार, पण मोटारीचे पत्रे घरच्या घरी आरशासारखे करणारा तो एकटाच. रंगात केस राहिला तरी त्याला जेवण जात नसे.

मांगरात, घरामागच्या शेडमध्ये, लवूची टॅक्सी उभी होती. धूळ उडू नये म्हणून खाली ओली किंतानं अंथरली होती. मडगार्ड, दरवाजे कालच हिरव्याचे काळे झाले होते. डिकीवर आत्ता शेवटचा हात मारून झाला होता.

रंग बदलायला कारण तसंच होतं. पंधरवड्यापूर्वी जामसंड्याहून येताना लवूने गावातल्या बाबलीच्या धाकट्या भावाला चिरडलं आणि गाडी न थांबवता पळाला. ‘गावलो काय जित्तो सोडूचंय नाय,’ असं बाबली भर बाजारात गरजला होता. बाबली उगाच तोंडाची वाफ दवडणाऱ्यातला नव्हता. परवा लवूने टॅक्सीसकट येऊन काशिनाथचे पाय धरले. लहानपणचा दोस्त. काशिनाथने त्याला माळ्यावर लपवलं आणि रंगाचा डबा फोडला.

त्याची बायको दुर्गा चहा घेऊन आली. डाव्या हाताभोवती तिने पदर घट्ट गुंडाळला होता. डिकीकडे नजर जाताच तिने मान फिरवली.

“सुकाक किती वेळ लागतलो?”

“दिवेलागण होयत.”

“आणि मगे?”

“मगे गाडी खाडयेर नेतंय. तू आत बस गो.”

ती वळते न वळते तोच मांगराचं दार लाथेने उघडलं. बाबली होता.

“टॅक्सी हंय आसा म्हणजे तोय हंयच आसतलो. लवू खंय आसा?”

“माका म्हायत नाय.”

बाबलीने त्याची मान पकडून तोंड टायरवर आपटलं. ओठ फुटला. दुर्गा मध्ये पडली तर तिलाही ढकलून दिलं. सकाळीच राखेने घासून ठेवलेली हातोडी बाकड्यावर होती. बाबलीने ती उचलली आणि काशिनाथच्या खांद्यावर घातली. हाड कडाडलं. काशिनाथ गुरासारखा ओरडला, पण त्याचे डोळे डिकीवरून हलत नव्हते. ती उघडली की सगळा खेळ खलास.

बाबलीने ती नजर हेरली.

“हात लावू नको!” काशिनाथ कळवळला. “माका मार, पण डिकयेक हात लावू नको! रंग ओलो आसा!”

“ओलो आसा?” बाबली छद्मी हसला आणि पंजा पसरून सगळा हात डिकीवर दाबला. मग डिकीची मूठ धरून हिसडा मारला. कुलूप होतं.

“किल्ली दी!”

तेवढ्यात ओरडा ऐकून शेजारचा गुरुदास चार माणसं घेऊन धावला. त्यांनी बाबलीला कसंबसं बाहेर ओढलं. हातोडी फेकून, शिव्या घालत तो गेला.

काशिनाथ उठला. सवयीने ब्रश उचलून तो डिकीजवळ गेला आणि थबकला. काळ्या रंगात पंजा स्वच्छ उमटला होता. मधलं बोट अर्धंच. कोयत्याने तुटलेलं बाबलीचं ते बोट अख्खा गाव ओळखत होता.

त्याने ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवून ठेवला.

“गुरुदासा, हवालदाराक बोलव.”

दुर्गाच्या तोंडचं पाणी पळालं. “अहो, आणि खाडी...”

“आता गरज नाय,” तो हळूच म्हणाला. “मिया बोलतंय तसा बोल.”

हवालदार आला तेव्हा दिवेलागण झाली होती आणि पंजा वाळून पक्का झाला होता.

“लवू कुठे आहे?”

काशिनाथने पंजाकडे बोट दाखवलं. “साहेब, बाबलीने आमच्या डोळ्यांसमोर हातोडीने त्याचं डोकं फोडलं. याच हाताने आत कोंबून डिकी लावली. ओरडलो तर आम्हालाही मारलं. गुरुदासने बघितलंय.”

गुरुदासने मान डोलावली. त्याने हातोडी बघितली होती, पंजाही बघितला होता.

हवालदाराने पहारीने कुलूप उचकटलं. लवू आत दुमडून पडला होता, कवटी फुटलेली. हवालदाराने कंदील जवळ नेला. रंगातलं चिलट हेरणाऱ्या काशिनाथने लवूची आवळलेली मूठ तेव्हा पहिल्यांदा बघितली.

हवालदाराने एकेक बोट उलगडलं. तळहातात हिरव्या काकणाचे तुकडे रुतले होते. काल रात्री माळ्यावरून उतरून लवूने दुर्गाचं मनगट धरलं होतं ते याच मुठीत.

“वहिनी,” तो सावकाश म्हणाला, “पदर काढून डावा हात दाखवा बघू.”