तिसऱ्या भागातली चूक

नवरा-बायको दोघंही व्हिडिओ गेम खेळायचे कन्सोल बनवणाऱ्या कंपन्यांत होती, पण कंपन्या एकमेकींच्या कट्टर वैरी. ती तिच्या कंपनीत गेमच्या कथा लिहायची, तो त्याच्या कंपनीत गेममधल्या चुका शोधायचा. तिच्या कंपनीचे गेम फक्त त्यांच्याच कन्सोलवर चालत, आणि तो कन्सोल त्याने घरात कधी येऊ दिला नव्हता. त्या भरवशावर तिने एका गेममध्ये मनातलं सगळं लिहून टाकलं होतं.

मग तिच्या कंपनीने धोरण बदललं. तोच गेम आता त्याच्या कंपनीच्या कन्सोलवरही येणार होता, आणि तपासायला नेमका त्याच्याच टेबलावर गेला.

आठवडाभर तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. कुलूप लावलं की नाही ते बघायला ती अर्ध्या जिन्यातून परत यायची. जेवताना त्याने वर पाहिलं, की पाणी आणायला उठायची. शेवटी तिनेच विचारलं, "झाला का गेम तपासून?"

"झाला. तिसऱ्या भागात घड्याळं दुरुस्त करणारा एक माणूस आहे. बायको काहीतरी सांगायला लागते, तो मान वर न करता नुसतं 'हं' म्हणतो, आणि ती वाक्य अर्ध्यावर सोडते. मी ते चूक म्हणून नोंदवणार होतो."

"मग?"

"मग लक्षात आलं, ते अर्धं वाक्य मी ऐकलेलं आहे." त्याने खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसला. "उरलेलं सांग."