ओळख झाल्याशिवाय

रजनीच्या नवऱ्याने, अरविंदने, स्वतःचं आणि झबरू कुत्र्याचं चित्र काढायला दिलं होतं. रविवारी तो सब्जीमंडीत गेलेला असताना चित्रकार देवश्री माधव नगरच्या घरी आली. पोस्टमनवरही धावून जाणारा झबरू तिच्या पायाशी लोळू लागला. रजनीच्या मनात पाल चुकचुकली.

"पहिल्यांदाच येताय ना?" तिने रोखून विचारलं.

"छे हो! ओळख झाल्याशिवाय मी माणसाचं काय, कुत्र्याचंही चित्र काढत नाही. आठवडाभर रोज दुपारी येऊन याच्याशी खेळले."

दुपारी रजनी बँकेत असायची. म्हणजे एवढंच होतं तर! आपल्या संशयाची तिला लाज वाटली.

"बसा, चाय ठेवते."

 

"अरविंदजींच्या मिसेसनी रोज पाजली की! आज दिसत नाहीत? तुम्ही त्यांच्या कोण?"