दुसऱ्याचा पेपर

“हात पुढे कर,” तात्या म्हणाले.

“मुळीच नाही. ही चक्क कॉपी आहे.” बाईंनी दोन्ही हात शालीखाली घेतले.

तात्यांच्या हातात मनगटावर बांधायचा काळा पट्टा होता. माणूस किती चालला ते तो मोजायचा आणि थेट दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर कळवायचा. परवाच डॉक्टरीणबाईंनी तो दिला होता. हृदय थकलंय, रोज चालायला हवं, असं त्या म्हणाल्याचं तात्यांनी घरी येऊन सांगितलं होतं. सांगताना इतके धापा टाकत होते की कानसुद्धा लाल झाले होते.

“दोन पावलं टाकली की छाती भरून येते गं. थोडे दिवस तू चाल माझ्याऐवजी. नाहीतर ती मला भरती करून घेईल.”

भरतीचं नाव काढल्यावर बाईंनी पट्ट्याकडे नीट पाहिलं.

बाई म्हणजे गणिताच्या बाई. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी अख्खी गल्ली त्यांना बाईच म्हणायची. परीक्षेत त्यांच्या वर्गावर कुणाची मान वळवायची टाप नव्हती. आणि आता ह्या वयात नवऱ्याचा पेपर आपण लिहायचा?

शिवाय त्यांचं स्वतःचं चालणंही यथातथाच. न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडलं होतं. हाड जुळलं, पण धीर गेला तो गेलाच. व्यायाम शिकवायला आलेल्या मुलीला त्यांनी दारातूनच वाटेला लावलं होतं. दवाखाना पहिल्या मजल्यावर, म्हणून दवाखान्याचंही नाव टाकलं होतं. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, एवढाच काय तो त्यांचा प्रवास.

तरीही त्यांनी हात पुढे केला. तात्यांपेक्षा तत्त्व मोठं नव्हतं.

पहिल्या दिवशी त्या भिंतीला धरून स्वयंपाकघरापर्यंत गेल्या. तात्या खुर्चीत बसून फोनवर आलेला निरोप वाचून दाखवत होते. फोन ते कुणाच्या हातात देत नसत.

“डॉक्टरीणबाई म्हणतात, छान सुरुवात. दोन्ही पायांवर सारखा भार द्या.”

“हृदयाचा आणि पायांच्या भाराचा काय संबंध?”

“डॉक्टर ती आहे, मी नाही,” म्हणत तात्यांनी पेपरात तोंड खुपसलं.

मग गॅलरी झाली. मग फाटकापर्यंत. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी, म्हणजे कुणी विचारलंच तर भाजीला निघाल्याचं सांगता येईल. शेजारीण ओरडली, “अहो बाई, तुम्ही? बाहेर?” बाईंना चोरी पकडल्यासारखं झालं. पण खरं सांगायचं तर मजाही वाटली. कोपऱ्यावरचं झाड एवढं वाढलंय हे त्यांना माहीतच नव्हतं.

फक्त एक गोष्ट त्यांना खात होती. ही कॉपी पचायची नाही. तात्यांना खोटं कधी जमलंय? चोरून बिस्कीट खाल्लं तरी त्यांचे कान लाल व्हायचे, आणि बाई लगेच डबा वरच्या फळीवर ठेवायच्या. डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून दोन प्रश्न विचारले, की संपलं.

एका सकाळी तात्या केस कापायला गेले आणि फोन टेबलावरच विसरले. तो वाजला. बाईंनी चष्मा लावला.

‘प्रगती उत्तम. पुढच्या आठवड्यापासून गोळी बंद करू या.’

चालल्या त्या, आणि औषध बंद होणार तात्यांचं! अजून ते खुर्चीतून उठताना धापा टाकत होते. त्यांचं काही बरंवाईट झालं तर आपणच त्यांना मारलं असं होईल, आणि मग कुणाला तोंड दाखवायचं? तात्यांशिवाय हे घर नुसतं पोकळ, हे त्यांना त्या क्षणी इतकं लख्ख कळलं की डोळ्यांत पाणीच आलं.

त्यांनी चपला घातल्या आणि निघाल्या. फाटक मागे पडलं, कोपऱ्यावरचं झाड मागे पडलं. रस्ता ओलांडताना एका रिक्षावाल्याला त्यांनी वर्गातल्यासारखं हाताने थांबवलं, आणि तो थांबला.

दवाखान्याचा जिना सरळसोट वर जात होता. अर्ध्यावर कठडा घट्ट धरून त्या क्षणभर थांबल्या. “आता माघार नाही,” स्वतःलाच दटावलं, आणि वर पोचल्या.

डॉक्टरीणबाई एकट्याच होत्या. बाई दारातूनच बोलू लागल्या.

“पट्टा माझ्या हातात आहे. चालते ती मी. ते एक पाऊलही टाकत नाहीत. आम्ही तुम्हाला फसवलं. मला काय बोलायचं ते बोला, पण त्यांची गोळी बंद करू नका!”

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचं लक्ष बाईंच्या पायांकडे होतं.

“काठी कुठे आहे, बाई?”

बाईंनी आपल्या हाताकडे पाहिलं. काठी घरीच राहिली होती.

“बसा. आधी तुमचा खुबा बघू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि खिडकी उघडून खाली वाकल्या. “काका, या वर! आल्या बघा. एकट्या. जिना चढून.”

एकेक पायरी गाळत, शीळ घालत तात्या वर आले. दारात उभे राहिले तेव्हा धाप नावालाही नव्हती. कान मात्र लालबुंद झाले होते.